दोन तुकडे पुरे

ताईंना कोणी विचारलं, की तुम्ही हॉस्पिटलात नक्की काय करता, तर त्या सरळ सांगायच्या, "कापते." समोरचा माणूस दचकायचा, आणि ताईंना तेच हवं असायचं. मग त्या हसून खुलासा करायच्या. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काढतात, ते तळमजल्यावरच्या लॅबमध्ये येतं. डॉक्टर त्यातले नखाएवढे तुकडे निवडतात. ते रात्रभर मशिनमध्ये मुरतात, सकाळी मेणात बसवले जातात, आणि मग ताई त्या मेणाच्या ठोकळ्यांचे पात्यावर असे पापुद्रे काढतात, की शेजारी कोणी शिंकलं तरी उडून जावेत. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार, गाठ साधी आहे की कॅन्सरची.

"म्हणजे निदान डॉक्टरच करतात," समोरचा म्हणायचा.

"हो तर. पण मी दिलेल्या काचेवर," ताई म्हणायच्या.

गर्व होता हो बाईला, आणि का नसावा? एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून एकच काम केलं, की हाताला डोळे फुटतात. ठोकळा पात्यावर आला, की ताईंना बोटातच कळायचं, हाड आहे, चरबी आहे की गर्भाशयाची गाठ. गर्भाशयाच्या साध्या गाठी म्हणजे तर रोजचं दळण. पांढऱ्या, टणक, कापल्या की फुगून वर येणाऱ्या. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव बायकांच्या निरुपद्रवी. लॅबमध्ये त्यांना कोणी विचारत नसे. बादलीवर "गर्भाशय, गाठी" असं लिहिलेलं दिसलं, की सगळे म्हणायचे, "ठेवा बाजूला, ती कुठे पळून जातेय?"

घरी मात्र ताईंच्या हाताला कोणी डोळे मानत नव्हतं. दोन भाऊ एकाच इमारतीत राहायचे. ताई आणि त्यांचा नवरा तिसऱ्या मजल्यावर, नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको पहिल्यावर. भाऊ दोघेही मुखदुर्बळ. दोघांचे मिळून दिवसाला दहा शब्द झाले तरी खूप. बोलायचं काम दोन्ही जावांनी उचललं होतं, आणि आठ वर्षांपूर्वी त्या दोघीच एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

झालं असं, की सासूबाई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या, पहिल्या मजल्यावर, धाकटीकडे. ताई लॅब सांभाळून येता-जाता डोकवायच्या, औषधं आणायच्या, सूचना करायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, हागणं-मुतणं सगळं धाकटीच्या अंगावर. सासूबाई गेल्या, माणसं भेटायला आली, आणि कोणीतरी शहाणं म्हणालं, "थोरली हॉस्पिटलात आहे म्हणून केवढा आधार!" धाकटीच्या जिभेला हाड नव्हतंच, त्यात तीन वर्षांची झोप थकलेली. भर माणसांत म्हणाली, "आमच्या जाऊबाईंना मेलेल्या मांसाचे तुकडे तेवढे कळतात. जितं माणूस आम्ही उचललं."

ताई उठून वर निघून गेल्या. शब्द खोटा नव्हता, म्हणूनच लागला. त्यानंतर आठ वर्षं जिन्यात समोरासमोर आल्या, की एकीला कठडा दिसायचा आणि दुसरीला छत.

आणि एका सकाळी धाकटीच तिसऱ्या मजल्यावर येऊन उभी राहिली. चेहरा कागदासारखा पांढरा. सहा महिने अंगावरून जात होतं, शेवटी तपासलं, गर्भाशयात तीन गाठी निघाल्या, एक चांगली नऊ सेंटिमीटरची. गर्भाशय काढायचं ठरलं होतं, ताईंच्याच हॉस्पिटलात.

"जाऊबाई, मला भीती वाटते," ती दारातच म्हणाली. "ऑपरेशनची नाही. तो रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांची. आठ-आठ दिवस लागतात म्हणे."

आठ वर्षांनी ही बाई दारात आली होती, आणि जे मागत होती ते नेमकं ताईंच्या हातातलं होतं. मेलेल्या मांसाचे तुकडे!

"आठ दिवस परक्यांना," ताई म्हणाल्या. "तुझा रिपोर्ट मी दोन दिवसांत हातात देते. आत ये आधी, चहा टाकते."

ऑपरेशन गुरुवारी दुपारी झालं. बादली तीनला खाली आली. लॅबच्या भिंतीवर लॅबचे प्रमुख, मोठे सर, यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद होता, इतका जुना की कोणी वाचत नसे. गर्भाशय आलं की लगेच चिरून फॉर्मॅलीनच्या औषधात ठेवा. एक अख्खा दिवस मुरू द्या. गाठ जितके सेंटिमीटर, किमान तितके तुकडे घ्या. त्या दिवशी चिरायला डॉक्टर जागेवर नव्हत्या, आणि मुरू देण्याएवढा ताईंना दम नव्हता. शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांनी ती बादली टेबलावर आणली.

टेबलावर तरुण डॉक्टर होत्या. त्यांना सगळे चष्मेवाल्या मॅडम म्हणायचे, कारण चष्मा कायम डोक्यावर आणि त्या तो कायम शोधत. मॅडमनी मोठी गाठ मधोमध कापली. "ताई, आत कच्चंच आहे हो. औषध मध्यापर्यंत पोचलेलंच नाही. उद्या घेऊ या?"

"घरचं आहे मॅडम. माझी जाऊ आहे. बिचारी जीव मुठीत धरून बसलीय."

मॅडमनी पुन्हा सुरी लावली. मधला भाग लिबलिबीत, सुरीखालून निसटत होता. पण कच्चं मांस लिबलिबीतच असतं, त्यात नवल काय? कडेला औषध लागून घट्ट झालं होतं, तिथे छान कापलं जात होतं. मॅडमनी कडेचे दोन तुकडे घेतले आणि तिसऱ्यासाठी आत शिरल्या.

"दोन तुकडे पुरे," ताई म्हणाल्या. "साधीच गाठ आहे. मी काय आज बघतेय का? दोनच घेतलेत तर छोट्या, झटपट मशिनमध्ये बसतील, संध्याकाळी काच देते."

एकतीस वर्षं काम केलेली बाई सांगतेय म्हटल्यावर दोन वर्षांची डॉक्टर काय बोलणार? सुरी खाली ठेवली. संध्याकाळी काच झाली. काचेवर कडेचं साधं, सरळ स्नायूचं विणकाम होतं. "साधी गाठ, कॅन्सर नाही." सही झाली. शनिवारी सकाळी ताई तो कागद घेऊन वॉर्डात गेल्या, आणि धाकटीने त्यांचा हात जो धरला, तो पाच मिनिटं सोडला नाही.

पुढचे सहा आठवडे, खरं सांगायचं तर, ताईंच्या आयुष्यातले फार सुखाचे होते. धाकटी रोज संध्याकाळी जिना चढून चहाला येऊ लागली. आधी एकेक पायरी, कठड्याला धरून, मग सरसर. सासूबाईंच्या नकला करून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. नवरे दाराआडून बघायचे आणि मुकाट्याने आत जायचे, न जाणो आपलाही नंबर लागायचा. एकदा धाकटी म्हणाली, "त्या दिवशी मी वाईट बोलले. त्याच तुकड्यांनी मला तारलं." ताईंनी नुसता तिचा कप भरला, पण त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

तुकडे घेऊन उरलेलं सगळं बरणीत घालून सहा आठवडे फडताळात ठेवायचं, मग टाकायचं, असा लॅबचा नियम. दर शनिवारी यादी काढून बरण्या तपासायच्या आणि पिवळ्या पिशवीत रिकाम्या करायच्या. त्या शनिवारी यादीत धाकटीची बरणी होती. खरं तर झाकण उघडून आत बघायची गरज नसते. नंबर जुळला की उलटी करायची. पण आपल्या माणसाचं म्हणून ताईंनी हातमोजा घालून ती मोठी गाठ बाहेर काढली. जराशा प्रेमानेच काढली म्हणा ना.

आणि त्यांचा हात थांबला.

सहा आठवड्यांत औषध अगदी गाभ्यापर्यंत गेलं होतं. दोन्ही लहान गाठी दगड झाल्या होत्या. मोठीची कडही. मधला भाग मात्र घट्ट झालाच नव्हता. पिवळट, मधे-मधे तपकिरी डाग, आणि बोटाने दाबलं तर भिजलेल्या खडूसारखा भुगा. ताईंनी पुन्हा दाबलं. मग दिव्याखाली नेलं. साधी गाठ अशी नसते. हजारात एखादीच असते अशी, आणि ती जी असते तिचं नाव ताई तोंडावर आणत नसत. दिसायला अगदी साध्या गाठीची बहीण, आणि पोटात काळ.

लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पिवळी पिशवी पायाशी तोंड उघडून पडली होती. बरणी उलटी केली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची. रिपोर्ट झाला होता, सही झाली होती, नियमाने टाकायचा दिवसही आजचाच होता. आणि कोणास ठाऊक, नसेलही काही. आपण काय डॉक्टर आहोत? संध्याकाळी धाकटी चहाला येणार होती. आपण पिशवीकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली, की त्यांनी पायाने ती पिशवी भिंतीपर्यंत सरकवून दिली.

बरणी छातीशी धरून त्या चष्मेवाल्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, ही माझ्या जावेची. बघा जरा."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा पहिल्याच झटक्यात शोधला. गाठ बघितली, आणि खुर्चीत मागे टेकल्या. "आपण मधलं घेतलंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"आपण नाही. मी घेऊ दिलं नाही."

"सही माझी आहे, ताई."

या वेळी अठरा तुकडे घेतले. सोमवारी ताईंनी अठरा ठोकळे कापले. मधल्या भागाचे ठोकळे पात्यावर आले, तेव्हा बोटांना जे कळायचं ते कळलं. पापुद्रा सलग निघेना, फाटायचा, विरायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते ताई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्याचा अर्थ त्यांना त्या सोमवारी, त्या खुर्चीत कळला. काचा मोठ्या सरांकडे गेल्या. सरांनी आणखी वेगळे रंग लावून घेतले, बाहेरच्या एका जाणकाराचं मत मागवलं. दहा दिवसांनी ठरलं. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर. दुर्मीळ, आणि वाईट चालीचा.

सरांनी ताईंना बसवून सांगितलं. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "गर्भाशय अख्खं निघालंय, ही जमेची बाजू. ही जात पसरायच्या आधीच औषधं देऊन फारसा उपयोग होतो असं दिसत नाही. दर तीन महिन्यांनी छातीचा आणि पोटाचा स्कॅन. हा बहुतेक फुप्फुसात जातो. गेला तर लवकर धरायचा. वाट बघणं हाच उपचार."

"सर, हे दोन महिने गेले त्याने..."

"फरक पडला का ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

त्या एका वाक्याने ताईंना पुढे किती छळलं! हो म्हणाले असते तर रडून मोकळं होता आलं असतं. नाही म्हणाले असते तर सुटका होती. हे ना धड इकडचं ना तिकडचं. ताईंना ताकीद देणारं पत्र मिळालं, मॅडमनाही मिळालं. भिंतीवरचा कागद नवा लिहून लावला आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पण पत्राबित्राचं काही नाही. खरी परीक्षा पहिल्या मजल्यावर होती. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून रोगाचं सांगितलं. "पहिल्या तपासणीत ते सापडलं नव्हतं," एवढंच ते त्याबद्दल म्हणाले. तेवढ्यावर राहिलं असतं. ताई त्याच संध्याकाळी खाली गेल्या. धाकटी पलंगाच्या कडेला बसली होती, हातात तो नवा कागद.

"सापडलं नव्हतं असं नाही," ताई उभ्या उभ्याच म्हणाल्या. बसायचा धीर नव्हता. "शोधलं नव्हतं. नऊ तुकडे घ्यायचे होते. दोन पुरे, असं मी म्हटलं. तुला लवकर कळावं म्हणून. आणि..." इथे त्यांनी दाराची चौकट धरली. "आणि तुला दाखवायचं होतं, की मी काय करू शकते ते."

धाकटीने तो कागद बाजूला ठेवला. तिच्या जिभेची सगळ्या इमारतीला सवय होती, ताई मान खाली घालून त्या जिभेचीच वाट बघत होत्या. पण ती नुसतीच उठली, दार उघडलं, आणि ताई बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिली.

चार महिने चहा नाही. पुन्हा कठडा, पुन्हा छत. फरक एवढाच, की आता ताई धाकटीकडे बघायच्या आणि धाकटी बघायची नाही. पहिला स्कॅन झाला तो ताईंना नवऱ्याकडून कळला. "स्वच्छ," तो म्हणाला. त्याच्या त्या दिवसाच्या शब्दांतला तो एक.

लॅबमध्येही ताई बदलल्या. बरणीवर कोणी "घरचं आहे, लवकर" अशी चिठ्ठी लावली, की त्या चिठ्ठी फाडायच्या आणि बरणी रांगेत ठेवायच्या. एका सर्जनने स्वतःच्या आईचा नमुना पुढे घ्यायला सांगितला, तर म्हणाल्या, "सर, आईवर प्रेम असेल तर रांगेत राहू द्या." सर्जन चिडला. चिडू दे.

दुसऱ्या स्कॅनच्या आदल्या दिवशी दारावरची बेल वाजली. धाकटी. हातात फाइल.

"उद्या तुम्ही चला," ती म्हणाली. आवाज कोरडाच. "ह्यांना डॉक्टर काय बोलतात ते कळत नाही, आणि कळलं तरी हे मला सांगत नाहीत, मी घाबरेन म्हणून. तुम्ही लपवत नाही. आपल्या अंगावर येणारं असलं तरी लपवत नाही."

"माफ केलंस मला?"

"ते मला नाही माहीत हो. रोज वेगळं वाटतं. सकाळी राग येतो, संध्याकाळी चहाची वेळ झाली की तुमची आठवण येते." ती थांबली. "एक मात्र वचन द्या. पुढे कधी काही निघालं, तर आधी तुम्ही सांगायचं. डॉक्टरांच्या आधी. आणि गोड करून नाही."

ताईंनी वचन दिलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दोघी त्या थंडगार बोळकांडीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसायच्या. कधी बोलायच्या, कधी नाही. स्कॅन आठवड्यावर आला, की धाकटीची जीभ धारदार व्हायची आणि ताई मुकाट्याने ऐकून घ्यायच्या.

पाचव्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात ठिपका दिसला. वाटाण्याएवढा, एकच. काढायचं ठरलं. ऑपरेशनला नेताना धाकटीने स्ट्रेचरवरून ताईंना जवळ बोलावलं. ताई म्हणाल्या, "या वेळी मी कापणार नाही. दुसरं कोणी कापेल. माझा हात..."

"तुम्हीच कापायचं," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कोणाला तो इतका चांगला ओळखता येणार आहे?"

बरणी आली. ताईंनी तिच्यावर नंबर घातला आणि रांगेत ठेवली, अकरावी. पूर्ण एक दिवस मुरू दिली. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "ताई, तुमच्या घरचंच आहे ना? घ्या की आधी." ताईंनी वर बघितलं नाही. चष्मेवाल्या मॅडम टेबलावर बसल्या, ठिपक्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चकत्या केल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या मशिनच्या छोट्या डब्यांत भरल्या. तिसऱ्या दिवशी नंबर आला, तेव्हा ताईंनी नवं पातं लावलं. पहिल्याच पापुद्र्याला बोटांना ओळख पटली. तरी त्यांनी एकही काच कमी केली नाही. दुपारी मॅडमनी आणि मोठ्या सरांनी मिळून काचा बघितल्या. सर बाहेर आले. "तोच आहे, ताई. पण कडा मोकळ्या आहेत, पूर्ण निघालाय. पुढचं कोणी सांगू शकत नाही." मग जरा घुटमळून म्हणाले, "सर्जन उद्या सकाळच्या फेरीत सांगतील."

"नाही सर," ताई म्हणाल्या. "मी आत्ता जाते."

जिने चढताना त्यांनी वाक्यं जुळवून बघितली. आधी काय, मग काय. एकही धड जुळेना. वॉर्डात धाकटी उशीला टेकून बसली होती, छातीतून नळी, ओठ सुकलेले. ताई दारात दिसल्या तसं तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि चादर मुठीत धरली. ताई पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या, तोंड उघडलं, पण धाकटीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"थांबा. आधी मला सांगा, तुकडे किती घेतले?"

"सगळे," ताई म्हणाल्या. "एक कणसुद्धा मागे ठेवला नाही."

धाकटीने डोळे मिटले. मग चादर सोडून हात पुढे केला, आणि ताईंचा हात तिने तसाच धरला, जसा पहिल्या रिपोर्टच्या दिवशी धरला होता.

"मग सांगा आता," ती म्हणाली.